व्हिसानंतरची तयारी

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. तेव्हापासून मला दिग्रस, घाटंजी, वणी, पुसद अशा ठिकाणांहून फोन येत असतात. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला, आणि बरीच वर्षं बाडेन-वुर्टेमबर्गच्या राजधानीत, स्टुटगार्टला, राहतो. फोनवरचे प्रश्न ठरलेले: पगार किती, व्हिसा किती दिवसांत, एजंट खरा की खोटा. इथला दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो हे सहसा कोणी विचारत नाही. आपण निघाल्यावर गावातल्या सातबाऱ्याचं, बँकेच्या खात्याचं, आईच्या औषधपाण्याचं काय, हेही नाही. नोकरी गेली म्हणून परत गेलेली पोरं मी फार पाहिली नाहीत. रोजच्या जगण्याला कंटाळून किंवा गावाकडचा गुंता सुटेना म्हणून गेलेली मात्र बरीच पाहिली. हा लेख त्याच दोन गोष्टींसाठी आहे.

आधी एक स्पष्ट करतो. करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. नर्स, इलेक्ट्रिशियन, बसचालक, स्वयंपाकी यांची टंचाई इथे खरोखरच आहे, पण मालक तुमची भाषा आणि तुमचं प्रमाणपत्र पाहून कामावर घेतो. 'करारात तुमची सीट पक्की करतो' असं सांगून पैसे मागणारा भेटला तर उठून चालू लागा.

नाव, कागद आणि पैसा

तयारीची सुरुवात नावापासून करा. अमरावती बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, पदवीच्या कागदावर वडिलांचं नाव गाळलेलं आणि आधारवर स्पेलिंगच वेगळं, असे चार कागद असलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. आपल्या कचेरीत 'चालते हो' म्हणून ते खपूनही जातं. जर्मन कचेरीच्या हिशेबात मात्र एका अक्षराचा फरक म्हणजे दोन वेगळी माणसं. राजपत्रात नाव दुरुस्त करायचं असो की विद्यापीठातून नवी प्रत काढायची असो, हे काम गावी असतानाच उरका. जर्मनीतून ते करायचं म्हटलं की वडिलांना अमरावतीच्या चकरा घालाव्या लागतात. जन्मदाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगर परिषदेतून इंग्रजीतही घेऊन ठेवा. पुढे लग्नाची नोंद करताना आणि मूल झाल्यावर तो मागतातच. शिकायला जाणाऱ्यांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस हे कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्रही लागतं. ते यायला वेळ लागतो, त्यामुळे प्रवेशाची वाट न पाहता अर्ज करा.

आता पैसा. विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात आधी भरून दाखवावे लागतात. आजच्या भावाने ही रक्कम बारा लाखांच्या आसपास जाते. दर महिन्याला त्यातले 992 युरो हाती येतात. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य आपल्या जिल्ह्यात फार फिरतं. इतर बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांपुरतं ते खरंही आहे, पण नेमकं बाडेन-वुर्टेमबर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून सत्राला 1,500 युरो घेतं. म्हणजे करार ज्या राज्याशी झाला तिथेच फी आहे. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस काम करता येतं. त्यात जेवणखाण आणि भाडं निघतं, कर्ज फिटत नाही.

यासाठी वावर विकू नका, गहाणही टाकू नका. हे मी सल्ला म्हणून नाही, आग्रह म्हणून सांगतो. कापसाच्या भावावर आणि पावसावर चालणाऱ्या घरातला एकुलता आधार पहिल्याच वर्षाच्या भाषापरीक्षेवर लावायचा नसतो. शिष्यवृत्तीची वाट आधी चाचपून पाहा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना अशा अर्जांसाठी तयार करणारी राजू केंद्रे यांची 'एकलव्य' संस्था तर यवतमाळच्याच मातीत सुरू झाली. पदवीपेक्षा हाताच्या कामात गोडी असेल तर जर्मनीतलं औसबिल्डुंग पाहा. हा साधारण तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. काही दिवस शाळा, काही दिवस प्रत्यक्ष काम आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. माझ्या मते आपल्याकडच्या आयटीआय झालेल्या मुलांसाठी आणि परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी एम. एस. च्या मागे धावण्यापेक्षा ही वाट जास्त भरवशाची आहे.

आखातात जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येतो, आणि यादीतल्या 18 देशांत कामाला जाताना सरकारची परवानगी लागते. एजंटचं नाव ई-मायग्रेट पोर्टलच्या नोंदणीकृत यादीत शोधा. त्याला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागितल्यावर जो चिडतो तो त्या यादीत सापडत नाही, हा माझा अनुभव.

जर्मनीला येणार असाल तर भाषा निदान बी-1 पर्यंत गावी असतानाच शिका. तरी पहिला धक्का बसणारच, कारण पुस्तकातली जर्मन वेगळी आणि स्टुटगार्टच्या बसमधली श्वाबिश बोली वेगळी. पुण्याच्या प्राध्यापकाला झरी जामणीच्या बाजारात सोडावं तसं काहीसं होतं. घाबरू नका. 'पुन्हा सांगता का, हळू?' हे एक वाक्य घोटून ठेवलं की सहा महिने निभतात.

जिन्यावरची पाटी

घर मिळालं की पहिलं काम पत्रपेटीवर नाव लावायचं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. आणि या देशाचा कारभार अजून पत्रांवर चालतो. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक, दंडाची नोटीस, सगळं लिफाफ्यातून येतं. प्रत्येक लिफाफा त्याच दिवशी उघडा. समजलं नाही तर फोनवर भाषांतर करून वाचा, आणि उत्तराची तारीख भिंतीवर लिहा. आपल्याकडे दुसरी नोटीस आल्यावर माणूस जागा होतो. इथे दुसऱ्या नोटिशीबरोबर दंड येतो.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि तिच्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ही नोंद झाली नाही तर पुढचं सगळं अडतं. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. ख्रिस्ती म्हणून नोंद झाली तर पगारातून चर्चचा कर कापला जातो. हिंदू, बौद्ध, मुसलमान यांना तो नाही, म्हणून रकाना न वाचता खूण करू नका. नोंद झाल्यावर थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, घरामागे महिन्याला 18.36 युरो. 'माझ्याकडे टीव्हीच नाही' हे उत्तर चालत नाही. घरात चार पोरं राहत असतील तर एकाने भरून बाकीच्यांनी वाटून घ्यावं.

भाड्याची जाहिरात वाचताना 'थंड' आणि 'गरम' भाड्यातला फरक पाहा. थंड भाडं नुसत्या जागेचं, गरम भाड्यात तापवणं, पाणी, कचरा धरलेला. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळंच. अनामत थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही, आणि घर सोडताना तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं. घर न पाहता, किल्ली न घेता परदेशातल्या खात्यात अनामत मागणारा भामटा असतो. नव्याने येणारे भारतीय विद्यार्थी त्याचं हुकमी गिऱ्हाईक.

आता जिन्याची गोष्ट. श्वाबियातल्या जुन्या इमारतींत 'केरवोखं' ही पद्धत आहे. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाची पाळी. तुमच्या दारावर छोटी पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि समोरचा पदपथ तुम्ही झाडायचा, पुसायचा. हिवाळ्यात पदपथावरचं बर्फ सारायची पाळीही अशीच लावलेली असते. आपल्याकडचे इंजिनियर झालेले पोट्टे याला नाक मुरडतात. शिकलेल्या माणसाने जिना पुसायचा म्हणजे काय, असं त्यांना वाटतं. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त न्यायाधीश बादली घेऊन पायऱ्या पुसताना दिसले की ती शंका फिटते. मला विचाराल तर शेजाऱ्यांशी ओळख व्हायची याहून सोपी वाट नाही. पाळी नीट सांभाळलीत तर तुमच्या फोडणीचा वासही लोक चालवून घेतात.

फोडणीबद्दल मात्र सांभाळून. जर्मन घरांत धुराची सूचना देणारं यंत्र छताला असतंच. तेल तापवताना खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. यंत्र काढून कपाटात ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. आग लागली तर विमा हात वर करू शकतो, हे त्यांना माहीत नसतं. खिडकीचं आणखी एक. बाहेर उणे तापमान असलं तरी दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. इथली घरं इतकी घट्ट बांधलेली असतात की ओलावा आत कोंडतो, भिंतीला बुरशी येते आणि घर सोडताना तिचा खर्च अनामतीतून वसूल होतो. चव्वेचाळीस अंशांत वाढलेल्या आपल्या माणसाला जानेवारीत खिडकी उघडणं जिवावर येतं, पण इलाज नाही.

कचऱ्याचं गणित पहिल्या आठवड्यात शिकून घ्या. कागद, ओला कचरा, वेष्टनं आणि उरलेला कचरा यांचे डबे वेगळे. काच पांढरी, तपकिरी, हिरवी अशी वेगवेगळी, आणि तीही रविवारी टाकायची नाही, कारण फुटण्याचा आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर 25 सेंट अनामत घेतलेली असते. दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. रविवारी दुकानं बंद, भिंतीला खिळा ठोकणं बंद. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता. गणपतीत ढोल वाजवायचा असेल तर मराठी मंडळ सभागृह घेतं, तिथे जा. यवतमाळच्या नवरात्रात रात्रभर देवी पाहत हिंडलेल्याला ही शांतता पहिल्यांदा कानात दुखते.

नोकरीबद्दल जास्त सांगत नाही, ते कंपनी सांगते. करारावरचा पगार आणि खात्यात पडणारा पगार यांत एकट्या माणसाच्या बाबतीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक पडू शकतो. कर्जाचा हप्ता ठरवताना हातात पडणारा आकडा धरा. पहिले सहा महिने बहुधा परिवीक्षेचे असतात. आपला गाडीचा परवाना सहाच महिने चालतो, नंतर लेखी आणि चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि ती महाग आहे.

आजारपणाचं आधी ठरवून ठेवा. जिवावरचं असेल तर 112. रात्री-अपरात्री ताप आला, पण थांबण्यासारखं आहे, तर 116117. एरवी घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावं लागतं, आणि ते निरोगी असतानाच नोंदवावं. साध्या सर्दी-तापाला इथले डॉक्टर आराम आणि गरम चहा सांगून परत पाठवतात, प्रतिजैविकं सहजासहजी देत नाहीत. आपल्याकडच्या सलाईनची सवय असलेल्याला हे उपचारच वाटत नाहीत. पण तीन दिवसांनी माणूस बरा होतो.

सगळ्यात अवघड असतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. पहिल्या हिवाळ्यात झोप बिघडते, चिडचिड होते आणि आपण इथे कशाला आलो असं वाटू लागतं. या चार महिन्यांत परतीचा किंवा नोकरी सोडण्याचा निर्णय घेऊ नका, एप्रिलपर्यंत थांबा. रोज उजेडात अर्धा तास चाला, आणि खोलीवरच्या मराठी मंडळींखेरीज आणखी एका ठिकाणी नाव घाला: गायनाचा गट, फुटबॉलचा क्लब, गावची स्वयंसेवी अग्निशमन तुकडी. जर्मन माणूस ऑफिसात मैत्री करत नाही, क्लबात करतो. कास्तकाराच्या घरातून आलेल्यांनी क्लाइनगार्टनची चौकशी करावी. शहरालगत संस्थेचे छोटे भूखंड असतात, भाडं थोडं, पण प्रतीक्षायादी लांब. आपण रोहिणी-मृगाकडे डोळे लावतो तसे इथले जुने लोक 11 ते 15 मे हे 'बर्फसंतांचे' दिवस सरल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत. त्यानंतर मेथी, सांबार, अंबाडी छान येते. कुंपणापलीकडच्या आजोबांना अंबाडी काय ते समजावताना जेवढी जर्मन येते तेवढी वर्गात येत नाही.

वावर कोणाच्या भरवशावर

आता यवतमाळच्या बाजूचं. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी बाहेर गेलात की परकीय चलन कायद्यानुसार तुम्ही अनिवासी ठरता, आणि तुमचं साधं बचत खातं एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. परदेशातून पाठवलेल्या पैशासाठी एनआरई खातं उघडा, त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. बहुतेक जण जुनंच खातं वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. बँक केवायसी मागेपर्यंत चालतं, मग एकदम अडतं.

आधारशी जोडलेला मोबाइल नंबर मरू देऊ नका. बँक, प्राप्तिकर, सातबारा, सगळीकडचा ओटीपी तिथेच येतो. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्जची जबाबदारी घरातल्या एकाकडे द्या.

शेतजमीन हा आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा सगळ्यात नाजूक विषय. आधीची किंवा वारसाने आलेली शेती अनिवासी भारतीयाला ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. म्हणजे चार पैसे साठवून शेजारचं वावर घेऊ, हा बेत परदेशात असेपर्यंत जमणार नाही. असलेल्या शेतीचंही काम आता मोबाइलवर आलं आहे. ई-पीक पाहणीत पेरा नोंदवला नाही तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पीक दिसत नसेल तर सीसीआयच्या केंद्रावर कापूस घालताना अडचण येते. शेतकरी ओळख क्रमांकासाठी पुन्हा आधार आणि ओटीपी. जमीन तुमच्या नावावर असेल तर हे कोण करणार ते नाव घेऊन ठरवा. 'भाऊ पाहून घेईल' एवढ्याने भागत नाही. भावाला कागद लागतो.

तो कागद म्हणजे मुखत्यारपत्र. शक्यतो निघण्याआधी यवतमाळात किंवा तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. राहून गेलंच तर जर्मनीतल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवता येतं. बाडेन-वुर्टेमबर्गसाठी म्युनिकचा वाणिज्य दूतावास आहे. हे मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत हटकून हुकते, कारण लिफाफा देवघरात ठेवला जातो. आणि सर्वाधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र देण्याआधी दहादा विचार करा. पेरणी, पीकनोंद, अनुदान, कज्जे एवढ्यापुरतं विशेष मुखत्यारपत्र पुरतं, विक्रीचा अधिकार त्यात घालायची गरज नसते. सख्ख्या भावांचे संबंध ज्या कागदांनी तुटलेले मी पाहिले त्यांतले बहुतेक 'सगळे अधिकार' देणारे होते. वडिलांच्या नावे असलेली जमीन, आजोबांची न झालेली वारसनोंद, बहिणींचे हिस्से, हे सगळं मोठी माणसं हयात आहेत तोवर, सगळे एका ओट्यावर बसून मिटवता येतं. पुढे एकेका सहीसाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं.

आई-वडिलांना बोलवायचं तर मे ते सप्टेंबर. पाहुण्याचा व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा, आणि निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यांची नेहमीची औषधं चिठ्ठीसह पुरेशी आणायला सांगा. पहिला आठवडा कौतुकात जातो. मग प्रश्न येतो, 'काहून बाप्पा, इथचे मानसं गेले कुठं?' रस्त्यावर कोणी नाही, ओट्यावर कोणी नाही, बोलायचं कोणाशी? तुम्ही दिवसभर कामावर. म्हणून तीन महिन्यांपेक्षा सहा आठवडेच बोलवा, त्यातले दोन स्वतः रजा काढून. आईला एकटीने ट्रामने दुकानात जाऊन परत येण्याचा रस्ता पहिल्या तीन दिवसांत शिकवा. जी माय एकटी दूध आणायला जाऊ लागते ती रमते.

गावी फोन करताना घड्याळ लक्षात ठेवा. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. इथे कामावरून सुटून फोन लावेपर्यंत तिकडे दिवे मालवलेले असतात. रविवारची दुपार ठरवून टाका.

आणि नागरिकत्व. जर्मनी 27 जून 2024 पासून नवा नागरिक होताना जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो आणि मतदानाचा हक्क जातो. ओसीआय कार्डावर येणं-जाणं, राहणं होतं, शेती विकत घेता येत नाही, वारसाने आलेली तेवढी राहते. नुसते अनिवासी असाल तर 6-अ अर्ज भरून गावच्या मतदारयादीत नाव घालता येतं, मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं. हा निर्णय पाच-सात वर्षांनंतरचा आहे, त्यासाठी आज झोप उडवू नका.

आज करायचं काम लहान आहे. निघण्याआधीचा महिना स्वेटर आणि कुकरच्या खरेदीत घालवू नका, ते इथेही मिळतात. दहावीची गुणपत्रिका, पदवी, आधार आणि पासपोर्ट एका टेबलावर ठेवून चारही नावं अक्षर-अक्षर ताडून पाहा, आणि वडिलांना घेऊन तलाठी कार्यालयात एकदा जाऊन या.